अण्णांची अट

माझे वडील एसआरपीच्या, म्हणजे राज्य राखीव पोलीस दलाच्या बँडमध्ये युफोनियम वाजवायचे, असं सांगितलं की समोरच्याला वाटतं आमच्या घरात संगीताचं वातावरण असणार. वातावरण होतं ते ब्रासो आणि बूटपॉलिशचं. पुण्यात रामटेकडीच्या पोलीस लाईनीतल्या दोन खोल्यांत युनिफॉर्मची इस्त्री, बकलाची चकाकी आणि परेडची वेळ यांच्यापुढे बाकी काही नव्हतं. अण्णा घरी कधी वाजवत नसत. वाद्य सरकारी, त्यामुळे ते बँडरूममध्ये कुलपात. घरी यायचा तो फक्त माउथपीस, कारण तेवढा त्यांनी स्वतःच्या पैशांनी घेतला होता. पहाटे मोरीपाशी उभं राहून ते नुसत्या माउथपीसमध्ये ओठ थरथरवत बसायचे आणि बरणीत अडकलेल्या भुंग्यासारखा आवाज सगळ्या लाईनीला ऐकू जायचा. शेजारच्या काकू त्या आवाजावर दूध तापवायला ठेवायच्या.

युफोनियम म्हणजे कुशीत धरायचं, वर तोंड असलेलं मोठं पितळी वाद्य. मार्चमध्ये कॉर्नेट आणि क्लॅरिनेट वरची चाल घेऊन पुढे पळत असतात तेव्हा हे खालून दुसरीच एक चाल गात असतं. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला ते वेगळं ऐकू येत नाही. मलाही यायचं नाही. अण्णांनी पंधरा ऑगस्टच्या एका परेडनंतर मला ती खालची चाल शिट्टीवर वाजवून दाखवली, आणि तेव्हापासून मला कुठलाही बँड ऐकताना आधी तीच शोधायची सवय लागली. माझ्यापुरतं त्यांच्याकडून आलं ते एवढंच. मी वाजवायला कधी शिकले नाही. आईने शिकू दिलं नाही, आणि का दिलं नाही हे कळायला मला बराच काळ लागला.

अण्णांचे वडील, माझा आजा, साताऱ्याकडच्या माण तालुक्यातल्या आमच्या गावात हलगी वाजवायचा. जत्रेला, लग्नाला, बेंदराला, मयतीला. गावात दवंडी द्यायची असली तरी त्यालाच हाक. बोलावणं आलं की उठायचं, अंगात ताप असो की घरात बाळंतीण असो. सुगीत खळ्यावर जे पदरात पडेल ते घ्यायचं आणि लग्नाच्या पंगतीत सगळ्यांची पानं उठल्यावर मांडवाबाहेर बसायचं. नाही म्हणायची सोय नव्हती. हलगीचं कातडं सैल पडलं की ते जाळावर शेकून ताणून घ्यावं लागतं. तो जाळ करायचं काम लहानपणी अण्णांचं. लोक हलगीचा कडकडाट आठवतात, अण्णांना आठवतो तो डोळ्यांत जाणारा धूर.

गावकीची कामं सोडा हा बाबासाहेबांचा निरोप आमच्या आळीत जरा उशिरा पोचला, पण पोचला. अण्णांनी मॅट्रिक झाल्यावर पोलीस भरतीत बँड्समनच्या जागेसाठी अर्ज केला. बँडमास्तरांनी काय काय येतं म्हणून विचारलं, मनगट बघितलं आणि सरळ ड्रमसमोर उभं केलं. अण्णा म्हणाले, "साहेब, चामड्याला हात लावणार नाही. फुंकायचं काहीतरी द्या." ड्रमवर त्यांची निवड त्याच दिवशी पक्की झाली असती, फुंकायच्या वाद्यावर मात्र शून्यापासून सुरुवात होती. त्यांनी शून्य घेतलं.

ते बँडमास्तर गोव्याचे होते. पोलीस, लष्कर, नौदल, कुठल्याही जुन्या बँडची हकीकत विचारा, एक तरी गोंयकार सापडतो. याला कारण आहे. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना कागदावरचं संगीत वाचायला शिकवत. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानात जिथे जिथे नोटेशन वाचणारा माणूस हवा होता तिथे गोव्याचा मुलगा तयार असायचा. अण्णा त्यांच्याकडे आधी वाद्याशिवाय शिकले. हाताने ताल द्यायचा आणि तोंडाने दो-रे-मी म्हणायचं. मग क्रॉचेट, क्वेव्हर, म्हणजे कुठला सूर किती मात्रा धरायचा त्याच्या खुणा, आणि सगळ्यात अवघड ते रेस्ट, म्हणजे गप्प राहायच्या मात्रा. सातारी वळणाच्या जिभेने अण्णा अजूनही 'क्रॉचेट'ला 'क्रोचाट' म्हणतात, पण ती कितीची धरायची यात कधी चुकत नाहीत.

अण्णांच्या तोंडी एक नाव सतत असतं, कॅप्टन रामसिंह ठाकुरी. आझाद हिंद सेनेच्या 'कदम कदम बढाये जा'ला चाल दिली ती यांनी. नेताजींनी त्यांना व्हायोलिन भेट दिलं होतं. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. अण्णांना त्यांच्याबद्दल अभिमान वाटतो तो पुढच्या भागाचा. स्वातंत्र्यानंतर हा माणूस लखनौला उत्तर प्रदेशच्या पीएसीत, म्हणजे तिथल्या सशस्त्र पोलीस दलात बँडच्या कामावर राहिला. "पोलीस बँडवाला होता तो. आपल्यातला," असं अण्णा सांगतात. 'बँडवाला' ही आमच्या नात्यागोत्यात शिवी होती. माझ्या चुलत मामांचं लग्नाचं बँडपथक होतं, त्यांच्या मुलांची लग्नं जमताना हा शब्द आडवा यायचा. अण्णा तोच शब्द रामसिंहांना लावून टाकत आणि विषय संपवत.

आता मनूचं. मनू माझी मुलगी. ती लहान असल्यापासून अण्णांनी तिला बँडची गोडी लागावी म्हणून जे जे केलं त्यातलं बहुतेक फुकट गेलं. २९ जानेवारीला संध्याकाळी दूरदर्शनवर दिल्लीच्या विजय चौकातलं बीटिंग रिट्रीट लागतं. तो आमच्या घरातला सणच. अण्णा स्वच्छ शर्ट घालून टीव्हीसमोर बसतात. ड्रम मेजरने काठी कशी फिरवली, कुठल्या रांगेची सफाई कमी पडली, घंटानाद कुठून येतो, सगळं सांगत राहतात. २०२२ साली 'अबाइड विथ मी' ही धून कार्यक्रमातून काढली तेव्हा ते दोन दिवस गप्प होते. ती ख्रिस्ती भजनाची धून त्यांच्या मास्तरांनी त्यांना शिकवलेली. मनू त्या तासाभरात उंटांची वाट बघायची, उंट येऊन गेले की आतल्या खोलीत. मोबाईलवर मार्च लावून दिले तर म्हणायची, "आबा, सगळी गाणी एकसारखीच आहेत." अण्णांना राग येत नसे. ते म्हणायचे, "बसून ऐकल्यावर एकसारखीच वाटणार. बसून ऐकायची चीज नाही ती."

हे त्यांचं म्हणणं मला तेव्हा बचाव वाटला होता. पण पुढे घडलं ते त्यांच्या म्हणण्याप्रमाणेच. मनूला त्यांनी शाळेत सोडायला-आणायला सुरुवात केली तेव्हा रस्त्याने चालताना ते तोंडाने मार्च गुणगुणायचे आणि डावं पाऊल पहिल्या मात्रेवर टाकायचे. तेज चाल मिनिटाला साधारण १२० पावलांची, म्हणजे घड्याळाच्या एका टिकटिकीला दोन पावलं. लहान मुलाला त्या चालीने आजोबांबरोबर जायचं तर उड्या माराव्या लागतात, मग अण्णा पाऊल आखूड करायचे पण चाल तीच ठेवायचे. मध्येच एक मात्रा मुद्दाम गिळायचे आणि मनूचं पाऊल चुकलं की दोघं हसायचे. चौथीत जाईपर्यंत तिचं चुकणं थांबलं होतं. नंतर ती स्वतःच मात्रा गिळून अण्णांना चुकवायला बघायची. माझ्या नवऱ्याला हा सगळा वेळेचा अपव्यय वाटायचा, कारण दोघं शाळेतून वीस मिनिटांच्या ऐवजी चाळीस मिनिटांनी यायचे. ते वाटेत वळसा घालून यायचे, एक मार्च पुरा व्हावा म्हणून.

पाचवीत शाळेकडून चिठ्ठी आली. बँडपथकासाठी मुलं निवडायची आहेत, पालकांनी सही करावी, मुलांनी वाद्याची पसंती लिहावी. बिगुल, बासरी, झांज, ट्रँगल, साईड ड्रम, बास ड्रम. मनूने कुणालाही न विचारता साईड ड्रमपुढे खूण केली होती.

आई भडकली. माझी आई फार बोलणारी बाई नाही. पण त्या संध्याकाळी तिने पोळ्या लाटता लाटता अण्णांना ऐकवलं, "पोरीच्या गळ्यात वाजप अडकवताय? तुमच्या बापाच्या गळ्यात हुतं ते पुरं नाय झालं?" मी मध्ये पडले, शाळेचा बँड आहे, सगळ्या घरांतली मुलं असतात, हल्ली याला एक्स्ट्रा करिक्युलर म्हणतात वगैरे. आईने माझ्याकडे बघितलंही नाही. तिचं भांडण माझ्याशी नव्हतं. अण्णा दोन दिवस सही करेनात, आणि मला वाटतं त्यांनाही बिगुल किंवा बासरी असती तर बरं झालं असतं. ड्रमच का, असं त्यांनी मनूला एकदा विचारलं. ती म्हणाली, "त्याच्यावर सगळे चालतात ना."

शेवटी त्यांनी सही केली आणि सगळ्यांसमोर एक अट घातली. "पट्टा तिचा ती गळ्यात घालणार, काढायचा तवा तिचा ती काढणार. 'वाजव' म्हणून तिला कुणी सांगायचं नाही. शाळेत सर सांगतील तेवढं सोडून. मी बी सांगणार नाय."

अट ऐकायला साधी वाटते. पाळायला फार जड गेली, विशेषतः मला. आपलं मूल काही शिकायला लागलं की 'आज रियाज झाला का' हे तोंडात येतंच. पाहुणे आले की 'दाखव गं वाजवून' येतंच. एकदा माझे दीर-जाऊ आले होते, दिरांनी मनूला हौसेने म्हटलं, "वाजव की जरा, ऐकू दे." अण्णा पेपर खाली ठेवून म्हणाले, "ती बोलावण्यावर आलेली नाही." दिरांना काय झालं ते कळलं नाही. मी चहाचं आधण ठेवायला आत गेले.

शिकवायला मात्र अण्णा बसले, तिने विचारलं की. शाळेत सरांनी हातात काड्या दिल्या आणि काही मूळ ठोके दाखवले, पण चाळीस मुलांत एकेकाचं मनगट कोण बघणार? घरी प्लायवूडच्या तुकड्यावर सायकलच्या ट्यूबचं रबर ठोकून अण्णांनी सरावाची पाटी केली. पहिला धडा 'डॅडी-मम्मी'. उजव्या हाताचे दोन ठोके डॅ-डी, डाव्याचे दोन म-म्मी. आधी इतके सावकाश की मध्ये जांभई देता येईल, मग हळूहळू जवळ, आणि जवळ येता येता ते ठोके एकमेकांत मिसळून त्यांची सलग सर होते. तोच रोल. ब्रिटिश फौजेतल्या ड्रमवाल्यांची ही पाठांतराची जुनी युक्ती आपल्या बँडमध्ये तशीच चालत आली आहे. घाई केली की डावा हात उघडा पडतो. मनूचा डावा इतका कच्चा होता की 'मम्मी' ऐकूच यायची नाही. "आबा, मम्मीचा आवाज येत नाही," असं ती म्हणाली तेव्हा माझा नवरा आतून म्हणाला, "नशीब."

डाव्यासाठी अण्णांनी उपाय सांगितले ते पाटीवरचे नव्हतेच. दात डाव्या हाताने घासायचे, कंगवा डाव्या हाताने, दाराची कडी, नळ, पाण्याची बाटली सगळं डाव्या हाताने. त्यावर वाद व्हायचे, कारण आईला डाव्या हाताने ताटाला लावलेला हात खपत नसे. जेवण तेवढं उजव्याने, असा तह झाला.

साईड ड्रमवर दोन्ही हातांत काडी वेगवेगळी धरतात. उजव्यात हातोडीसारखी वरून, डाव्यात तळवा वर करून, अंगठ्याच्या बेचक्यात आणि करंगळीशेजारच्या बोटावर टेकवून. मनूने विचारलं, असं का, दोन्हीकडे सारखं का नाही? अण्णांनी कमरेचा पट्टा काढून तिच्या गळ्यातून आडवा घातला, त्याला स्वयंपाकघरातला डबा बांधला आणि दाखवलं. पट्ट्याला लटकवलेला ड्रम डाव्या मांडीवर येतो आणि उजवीकडे कलतो, त्याची डावी कड वर येते. त्या उंच कडेवरून हात आणायचा तर तळवा वर करूनच आणावा लागतो. ड्रम असा तिरका लोंबायचा म्हणून ही पकड आली. आता खांद्यावर बसवायचे सरळ सांगाडे निघाले आहेत तरी कित्येक ठिकाणी पकड जुनीच आहे.

हे दाखवताना अण्णांनी स्वतः डाव्या हातात काडी घेतली. घेतली म्हणजे नुसती धरली नाही, डब्यावर वाजली. बारीक, सफाईदार, कडेला लागून, उजवा हात नुसता मांडीवर असताना. मी भाजी निवडत होते ती थांबले. हलगीत डाव्या हातात बारीक काठी असते आणि ती हलगीच्या कडेवरून आत येते. ज्या माणसाने नोकरीची सगळी वर्षं चामड्याला हात लावला नाही त्याचा डावा हात काही विसरला नव्हता. मनू म्हणाली, "आबा, तुम्हाला येतं?" अण्णा म्हणाले, "हे डब्यावर सगळ्यांनाच येतं." पुढे शाळेने सुट्टीत ड्रम घरी न्यायला दिला तेव्हा त्यांनी बोटाने वरचं कातडं टिचकी मारून बघितलं. हल्ली ते प्लास्टिकचं असतं. "हे चामडं न्हाईच," ते आईला मोठ्याने म्हणाले, "प्लास्टिक आहे." आई म्हणाली, "मला कशापायी सांगताय?"

सोसायटीत तक्रार आली, ती येणारच होती. ड्रमखाली टॉवेल, दुपारी दोन ते चार बंद, आणि रविवारी गच्चीवर. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ एकदा वर आले ते भांडायला. त्यांना अण्णांनी बसवलं, चहा दिला आणि विचारलं, तुमच्या चिरंजीवांचं ढोलपथक नदीपात्रात सराव करतं ते बरं चाललंय ना? यावर आणखी काही बोलणं झालं नाही. ढोल-ताशाबद्दल अण्णांचं मत मी इथे सांगणार नाही, पुण्यात राहायचं आहे. एवढंच सांगते की ताशावाल्याच्या मनगटाला ते मानतात आणि बाकीच्यांना विचारतात, हळू वाजवून दाखवा.

पाटीवरचं वाजवणं आणि चालताना वाजवणं यांत मोठं अंतर आहे. चालताना ड्रम मांडीवर आपटतो, पट्टा मानेला कापतो आणि पाय हाताला ओढायला लागतात. मनूच्या डाव्या मांडीवर काळेनिळे डाग पडले. तिने ते मैत्रिणींना कौतुकाने दाखवले. सगळ्यात फजिती झाली ती वळताना. रांग वळते तेव्हा आतला मुलगा जवळजवळ जागेवरच पाय आपटतो आणि बाहेरच्याला लांब ढांगा टाकाव्या लागतात. मनू उंच म्हणून बाहेरच्या टोकाला. ती गाठायला धावायची, आणि पाय धावले की हातही धावायचे. अण्णांनी पार्किंगमध्ये खडूने वर्तुळाचा तुकडा आखला आणि तिला ड्रमशिवाय त्यावरून चालवलं, स्वतः मध्यभागी उभं राहून तोंडाने बास ड्रम देत. चाल तीच, पाऊल मोठं. लहानपणी शाळेच्या वाटेवर केलं त्याच्या बरोबर उलट, आणि तिला ते लगेच उमगलं.

याच पार्किंगमध्ये त्यांनी मला आणखी एक गोष्ट समजावली जी मला शाळेतल्या भौतिकशास्त्रात कुणी सांगितली नव्हती. लांब परेडमध्ये मागच्या तुकड्यांचं पाऊल बिघडलेलं दिसतं. लोकांना वाटतं मागचे आळशी. खरं म्हणजे आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो आणि एक पाऊल अर्ध्या सेकंदाचं. बँडपासून १७० मीटर मागे असलेल्या जवानाला ठोका ऐकू येतो तोवर पुढच्याचं एक पाऊल पडून गेलेलं असतं. तो इमानाने ठोक्यावर चालतो आणि नेमका उलटा दिसतो. "म्हणून मागच्याला नावं ठेवायची नाहीत," अण्णा म्हणाले, "आधी बँड कुठाय ते बघायचं."

२१ ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन असतो. १९५९ साली लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जला चिनी सैनिकांच्या गोळीबारात १० पोलीस जवान मारले गेले, त्यांच्या आठवणीत देशभर पोलीस हा दिवस पाळतात. वर्षभरात कामी आलेल्यांची नावं वाचतात, शोकशस्त्र होतं, बंदुकीच्या फैरी झडतात आणि बिगुलावर 'लास्ट पोस्ट' वाजतं. अण्णा निवृत्तीनंतरही जातात. मनू सहावीत असताना तिला नेलं. नावांची यादी लांबली तेव्हा ती कुजबुजली, अजून किती? परत येताना मात्र तिने विचारलं ते बिगुलाबद्दल नाही, ड्रमबद्दल. सगळे चालत आले तेव्हा बँड वाजत नव्हता, तरी पावलं बरोबर कशी पडत होती? अण्णांचा चेहरा असा उजळला की मला हेवा वाटला. बँड गप्प असताना एक ड्रमवाला ड्रमच्या कडेवर काडीने एकेक टिचकी देत राहतो. ऐकणाऱ्यांच्या लक्षातही येत नाही. मनूला ते काम हवं झालं.

ते तिला सातवीत मिळालं, आणि त्याच वर्षीच्या क्रीडादिनाचा प्रसंग सांगते. प्रमुख पाहुणे नऊला येणार होते. बँडची मुलं साडेआठपासून फाटकापाशी दोन रांगांत उभी. नऊ वाजले, साडेनऊ झाले, ऊन वर आलं. बाकीची शाळा मांडवाखाली बसलेली. बँडवाल्यांनी हलायचं नाही, कारण पाहुणे कुठल्याही क्षणी येतील. आम्ही पालक कुंपणाबाहेर. अण्णा एका जागी थांबेनात. माझ्या लक्षात आलं की ते मुलांकडे बघतच नाहीत, मांडवाकडे बघताहेत. मी म्हटलं, आत जाऊन सरांशी बोलू का? ते म्हणाले, "थांब."

पावणेदहाच्या सुमाराला मनूने गळ्यातला पट्टा काढला, ड्रम जमिनीवर ठेवला आणि कडुनिंबाच्या सावलीत जाऊन बसली. शेजारची मुलगी तिच्याकडे बघत राहिली, मग तिनेही काढला. मग झांजवाला. दोन मिनिटांत सगळी रांग सावलीत. शाळेच्या एक बाई तरातरा निघाल्या, पण बँडचे सर त्यांच्या आधी पोचले. सर फौजेतून निवृत्त झालेले, शिस्तीला कडक माणूस. त्यांनी मुलांकडे बघितलं, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "बैठो. पानी पियो. गाडी दिखेगी तो दस सेकंद में खडा होना है." गाडी दिसली तेव्हा मुलं उठली. दहा सेकंदांहून जास्त लागले असतील, पण बँड वाजला, आणि वळणावर बाहेरचं टोक सुटलं नाही. नंतर मनूला शाळेकडून समज मिळाली, डायरीत लाल शेरा आला. त्यावर पालकांची सही लागते. मी पेन शोधत होते तोवर अण्णांनी सही करून टाकली होती. आईने डायरी उचलून तो शेरा वाचायला लावला, दोनदा. मग मनूच्या ताटात तिने न मागता साखरेचा शिरा वाढला. या सगळ्या प्रकरणात आईने दिलेली कबुली म्हणायची तर ती एवढीच.

मनू आता आठवीत आहे. नववीपासून अभ्यासामुळे शाळेच्या बँडमध्ये घेत नाहीत, म्हणजे हे शेवटचं वर्ष. मी मनाशी बेत केला होता की नंतर तिला बाहेर कुठेतरी ड्रमचा क्लास लावावा. तिने वेगळंच काढलं. मोबाईलवर हलगीचे व्हिडिओ हल्ली पुष्कळ फिरतात. चांगल्या घरांतली म्हणतात तशी मुलं-मुली कार्यशाळांना जाऊन हलगी शिकतात, स्टेजवर दिवे सोडून वाजवतात. मनूने तसा एक व्हिडिओ अण्णांना दाखवला आणि विचारलं, आबा, हे मला शिकवाल?

अण्णांनी पूर्ण बघितला. म्हणाले, हात चांगला आहे त्याचा. आणि मग, "मी नाय शिकवणार."

का, असं तिने विचारलं. तिला आजा कोण, माण कुठे, हे सगळं माहीत आहे, आम्ही काही लपवलेलं नाही. तरी तिला वाटलं होतं की डब्यावर येतं तर हलगीवर का नाही. अण्णा म्हणाले, "तुला शिकायची तर शिक. क्लास असंल तर फी मी भरतो. पण हलगी घरात आणायची न्हाई आणि मला विचारायचं न्हाई." मी मध्ये पडायला गेले, तर आई म्हणाली, राहू दे. तिला वाटलेलं समाधान तिने लपवलंही नाही.

मेमध्ये एक शिबिर आहे, आठ दिवसांचं. अण्णांनी फी भरली, पावती मनूच्या हातात दिली. त्याच आठवड्यात तिच्या कबड्डीच्या संघाचा सरावही लागला आहे आणि दोन्हीची वेळ सकाळची. परवा ती म्हणाली की अजून ठरवलं नाही. मला विचारायचं आहे, काय ठरतंय, फी परत मिळते का, शिबिरवाल्यांना केव्हापर्यंत कळवायचं. अट आडवी येते.